सौंसर रोडवरच्या बाईंचा फळा

त्या बाईंनी मला पहिल्या भेटीतच हाकलून दिलं होतं. बरं, मी काही उसनं मागायला गेले नव्हते. गिऱ्हाईक म्हणून गेले होते, भर मे महिन्यात, डोक्याला ओढणी गुंडाळून, गाव संपतं तिथपर्यंत पायी.

"गुलाब पाहिजे होता," मी म्हटलं.

बाई वाफ्यात उकिडव्या बसून खुरपत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आता? या उन्हात? याच्या पैले काय लावलं होतं?"

"मोगरा. तो मेला."

"पाणी कोण घालत होतं?"

मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "सगळेच! सासूबाई सकाळी, मी दुपारी, हे ऑफिसातून आले की हे."

"म्हणजे तिघायनं मिळून मारला." आता मान वर झाली. "त्याचा गमला घेऊन या. मेला तसाच आणजा, हात लावू नका. मंग पाहू."

"अहो, पण गुलाब..."

"घरी जा बाई. ऊन लागन."

मी तणतणत घरी आले. नर्सरी आहे की पोलीस ठाणं? पांढुर्ण्यात लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं, आणि गावातल्या एका रोपवालीनं मला असं परतवून लावावं! सासूबाईंना सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "तुलेच नाही, सगळ्यायलेच हाकलते ते." तिसऱ्या दिवशी मी तो मेलेला मोगरा कुंडीसकट रिक्षात घालून नेला. न नेऊन सांगते कोणाला!

तो त्यांचा नियमच होता. आधीचं झाड ज्या कुंडीत मेलं, ती कुंडी दाखवल्याशिवाय नवीन रोप मिळायचं नाही. रविवारी सकाळी बघावं तर सौंसर रोडवर बायका वाळलेली झाडं मांडीवर घेऊन स्कूटरवर मागं बसलेल्या. बाई कुंडी उलटी करायच्या, तळाला एक थाप, की मुळांचा गोळा हातात. तो हुंगायच्या, बोटानं उकलायच्या आणि निकाल सांगायच्या. "हे सडलं. तुमची माया लय उतू जाऊन राहिली." "हे उपाशी मेलं. गावाले गेल्ते ना?" "अन् हे... ताई, चहाचा चोथा साखरेसकट टाकला. मुंग्यायची पंगत बसवली तुम्ही." एकदा एका मोठ्या साहेबांची बायको आली होती, मागं ड्रायव्हर, ड्रायव्हरच्या हातात हे एवढं मेलेलं झाड. बाईंनी कुंडीचा तळ पाहिला आणि म्हणाल्या, "छेदच नाही ठेवला. तुम्ही असं बिनखिडकीच्या खोलीत राहून पाहा." साहेबीणबाई खो खो हसल्या, आणि पुढं दर महिन्याला यायला लागल्या.

माझ्या मोगऱ्याचा निकाल मला ठाऊकच होता. पण बाईंनी त्याच्या मुळाशी एक पांढरा तंतू शोधून काढला आणि एकदम आवाज मऊ झाला. "जिता आहे वं हा. सावलीत ठेव. पाणी दोन दिवसाआड, अन् एकाच माणसानं. बाकीच्यायले सांग, हात बांधून बसा." पावसाळ्यात त्याला पानं फुटली. पुढच्या उन्हाळ्यात फुलं माळून मी नर्सरीत गेले तेव्हा बाईंनी वेणीकडे पाहिलं आणि नुसतं "हं" केलं. त्या "हं"साठी मी वर्षभर धडपडले होते, खोटं कशाला सांगू.

आणि तो फळा! नर्सरीच्या फाटकाला एक काळा फळा टांगलेला असायचा. दर सोमवारी बाई जुनं पुसून नवं लिहायच्या. वर "जय भीम", खाली त्या हप्त्याचा हुकूम. बोलायच्या तसंच लिहायच्या, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि सगळं दरडावून.

"दसरा झाला. गुलाब छाटा. हात थरथरत असन तं नवऱ्याले छाटू द्या, त्याले झाडाची माया नसते."

"तुळशीच्या मंजुळा खुडा. पाप लागत नाही. लागलंच तं माझ्या नावावर टाका."

"कढीपत्ता थंडीत झोपते. खाद घालून उठवू नका."

"मोगऱ्याचं पाणी तोडा, पानं तोडा. रडायचं असन तं घरात जाऊन रडा."

"मे महिना. पौधे विकणं बंद. माती उन्हात टाका अन् तुम्ही सावलीत बसा."

त्या मे महिन्याच्या फळ्यापायी त्यांनी किती गिऱ्हाइकं घालवली असतील! पांढुर्णा जिल्हा झाला, नवीन ऑफिसं आली, नवीन क्वार्टरं आली, सगळ्यांना दारात हिरवं पाहिजे. एक साहेब ऐन उन्हाळ्यात दोन डझन कुंड्या मागायला आले. बाई म्हणाल्या, "पाऊस पडून जमीन थंड झाल्यावर या." साहेब म्हणाले, पाहुणे परवा येणार आहेत. बाई म्हणाल्या, "मंग पाहुण्यायले नंतर बोलवा." साहेब गेले ते गेलेच. मी म्हटलं, असं करून कसं चालेल? तर म्हणाल्या, "मराले देऊ का मी?" एवढंच. पुढं खुरपणं चालू.

या बाई तीस वर्षं संत्र्याच्या कलमांवर मजुरीला होत्या. आमच्याकडे संत्र्याचं कलम जंभेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपावर करतात. सालीला चीर देऊन त्यात संत्र्याचा डोळा बसवणारा गडी वेगळा, आणि वरून पट्टी बांधणारी बाई वेगळी. नाव डोळा बसवणाऱ्याचं. बाईंनी तीस वर्षं पट्ट्या बांधल्या, आणि त्यातली कित्येक वर्षं माझ्या सासऱ्यांच्याच नर्सरीत. पुढं सासऱ्यांनी नर्सरी बंद करून नुसती बाग ठेवली, आणि बाईंनी रोडला लागून असलेल्या स्वतःच्या तुकड्यावर फुलझाडं लावली. तोवर सासऱ्यांना "मालक" म्हणायच्या, त्या दिवसापासून "भाऊ" म्हणायला लागल्या. सासऱ्यांना ते खड्यासारखं टोचायचं. बोलून दाखवत नसत, पण फळ्यासमोरून जाताना मोटरसायकल हळू करून वाचायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "कालपर्यंत पट्ट्या बांधत होती. आता गावाले अक्कल शिकवून राहिली."

सासरे माणूस वाईट नव्हता हं. बागायतीत त्यांचा हात धरणारा नव्हता. रामाकोन्यापर्यंतचे लोक त्यांची बाग पाहायला यायचे. पण देवानं त्यांची खोड मोडायची सोय त्यांच्याच अंगणात करून ठेवली होती. मागच्या अंगणात संत्र्याचं एक झाड होतं, नऊ वर्षांचं. हे डेरेदार, हे हिरवंगार, आणि फळ म्हणाल तर एक नाही. नावाला नाही! बाग पाहून झाल्यावर पाहुणे चहाला घरी यायचे आणि हटकून विचारायचे, "हे कोणतं झाड आहे?"

माझा मोगरा फुलला त्या वर्षीच्या हिवाळ्यात सासऱ्यांचा निर्धार झाला. झाड तोडायचं आणि तिथं गाडीसाठी पत्र्याचं शेड टाकायचं. गाडीला सावली पाहिजे म्हणून झाड तोडायचं आणि वर पत्रे! मी बोलले, सासूबाई बोलल्या, ऐकतो कोण? कित्येक वर्षं त्या झाडाखाली बसून सासूबाईंनी गहू निवडले होते. त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कोणाला न विचारता नर्सरीत गेले.

बाई आल्या. सासरे पलंगावर बसून होते, उठले नाहीत. म्हणाले, "तू काय सांगणार मले? दरवर्षी ताण देतो मी त्याले. बागेत देतो तसाच. महिना-दीड महिना पाणी बंद. बागेतलं झाड न् झाड फुलते, हे वांझोटं नुसतं पानं काढते."

ताण म्हणजे संत्र्याची किल्ली. थंडीत पाणी तोडलं की झाड घाबरतं, पानं मलूल होतात, आणि मग खाद-पाणी दिलं की ते जीव तोडून फुलतं. हे आमच्याकडे लहान लेकरूही सांगेल. मग यात बाई वेगळं काय सांगणार, असं मलाही वाटलं.

"वांझोटं म्हणू नका भाऊ," बाई म्हणाल्या. "झाडाले बी नाही, कोणाले बी नाही."

मग त्या मागं आल्या. झाडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही! सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सासूबाईंना विचारलं, "वहिनी, भांडे कुठं घासता?"

"हे काय, मोरीत."

"अन् मोरीचं पाणी कुठं जाते?"

सासूबाई म्हणाल्या, "झाडाले. घर बांधलं, हे झाड लावलं, तेव्हा मीच मिस्त्रीले सांगून फरशीखालून पाइप टाकाले लावला. पाणी वाया काहून घालवाचं?"

बाईंनी झाडाच्या बुडाजवळचा पालापाचोळा पायानं सारला. खाली ओल, आणि ओलीत पाइपाचं तोंड. मी तर कपाळावर हात मारला. नऊ वर्षं सासरे नळी बंद करून ताण देत होते, आणि नऊ वर्षं घरातल्या बायका तीन वेळची भांडी घासून तो ताण मोडत होत्या! बागेतल्या हजार झाडांची नाडी ओळखणाऱ्या माणसाला आपल्या घरातली मोरी कुठं जाते हे माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? जन्मात कधी मोरीत पाय ठेवला असेल तर ना.

"तुम्ही सांगितलं काहून नाही इतके वर्षं?" मी सासूबाईंना विचारलं.

"मले कोणी विचारलं का?" त्या म्हणाल्या.

बाईंनी आम्हा दोघींकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत जी काही चमक आली म्हणता! हळूच म्हणाल्या, "फळ तोडेपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढाचा नाही." आणि पुढच्या खोलीत जाऊन खणखणीत आवाजात सासऱ्यांना म्हणाल्या, "भाऊ, एक साल द्या. झाड फळते."

"अन् नाही फळलं तं?"

"तं मी फळा उतरवीन. गावाले एक शब्द सांगणार नाही. पौधे विकीन अन् गप बसीन."

सासरे ताठ बसले. "कबूल. अन् फळलं तं?"

"तं एक दिवस फळ्यावर तुम्ही लिहाचं. मी सांगीन ते."

सासरे हसले, मोठ्यांदा हसले. "कबूल! चुन्यानं लिहीन म्हणा, पुसाचं काम नाही."

बाहेर आल्यावर मी बाईंवर चिडलेच. झाड वाचवायला बोलावलं होतं, जुगार खेळायला नाही! गारपीट झाली, वांदर आले, काही झालं तर? त्या फळ्यावाचून या बाई म्हणजे कोण, हे मला चांगलं कळत होतं. त्यांनाही कळत होतं. म्हणाल्या, "तीस वर्षं हात चालला माझा, तोंड बंद होतं. डोळा उलटा बसवला हे दिसे मले, पण बोलाची सोय नव्हती. भेव मले बी वाटते वं. पण पैजेबिगर तुझा सासरा झाडाले साल देत नव्हता."

मग सुरू झाली आमची वरात. पाइपाच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. मोरीतलं पाणी बादलीत धरायचं आणि मी आणि सासूबाई आळीपाळीनं ते समोरच्या नालीत नेऊन ओतायचो. दीड महिना! सासरे पेपर वाचता वाचता विचारायचे, "हे काय चालू आहे?" आम्ही म्हणायचो, पाइप तुंबला. एक दिवस ते म्हणाले, "मग मिस्त्री बोलावतो ना." आणि सासूबाई, ज्यांनी जन्मात त्यांना "नाही" म्हटलं नव्हतं, त्या बादली खाली ठेवून म्हणाल्या, "काही गरज नाही. आमची मोरी आमी पाहू." सासरे पुन्हा पेपरात शिरले.

पहिल्यांदाच झाड मलूल झालं. पानांची चकाकी गेली, कडा वळल्या, थोडी पानं गळाली. पाहवत नव्हतं. बाई रोज संध्याकाळी येऊन एक पान चुरगाळून बघायच्या आणि "अजून नाही" म्हणून निघून जायच्या. मग एका सकाळी आल्या त्या टोपलं घेऊनच. बुडाची माती हलकी उकरली, शेणखत घातलं, आणि सासूबाईंच्या हातात पाण्याची बादली दिली. "घाला वहिनी. आता पोटभर घाला. नळाचं, साबणाचं नाही." फेब्रुवारीत मागचं दार उघडलं की वासानं जीव वेडा व्हायचा. नऊ वर्षांनी फुललं ते झाड, पांढरं शुभ्र. सासूबाई त्याच्याखाली उभ्या राहून रडल्या. मीही रडले. सासरे आतून म्हणाले, "फुलाचं काय, फूल कोणालेही येते. फळ टिकलं पाहिजे."

आणि खरंच, एप्रिलची उन्हं सुरू झाली आणि गळ लागली. गोट्यांएवढी हिरवी फळं पटापट खाली. सासरे रोज सकाळी ती वेचायचे, वाटीत घालायचे आणि आमच्या चहाच्या कपांशेजारी आणून ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. मला त्या वाटीचा असा राग यायचा की फेकून द्यावीशी वाटे. गावात तोवर पैज सगळ्यांना कळली होती. लोक नर्सरीत रोपं घ्यायला यायचे आणि रोपाआधी विचारायचे, "बाई, किती राहिले?" एक दिवस मी वाटीच उचलून त्यांच्याकडे नेली. बाईंनी त्या फळांवरून बोट फिरवलं. चेहरा उतरलेला होता, तसा मी पहिल्यांदाच पाहिला. फळ्याकडे बघत म्हणाल्या, "गेला तं गेला. पण झाड तं फुललं ना? ते कोणी खोटं म्हणू शकत नाही." मग लगेच उठल्या. "चल. वाळलं गवत घे. बुडाशी अंथरू. पाणी संध्याकाळी, थोडं, पण रोजच्या रोज. पेलवते तेवढं झाड धरून ठेवते."

धरलं झाडानं. पावसाळा गेला, पोळा गेला, दसरा गेला. हिरव्या पानांत हिरवी फळं, मोजता येईनात. दिवाळीनंतर एकेक पिवळं पडायला लागलं, मग केशरी. सासरे रोज अंगणात जाऊन उभे राहायचे. एका सकाळी त्यांनी स्वतः एक फळ तोडलं, तिथंच सोललं, फोड तोंडात टाकली. आम्ही दोघी दारात उभ्या. आयुष्य संत्र्यात गेलेला माणूस! खोटं बोलणं त्यांना जमलंच नसतं.

"गोड आहे," म्हणाले. आणखी एक फोड खाल्ली. "बागेतल्यापेक्षा गोड आहे."

मी टाळ्याच वाजवल्या. सुनेनं सासऱ्यासमोर असं करावं का, ते मला विचारू नका.

सोमवारी सकाळी सासरे धुतलेला सदरा घालून, टोपी घालून तयार. कोणी बोलवायला आलं नव्हतं. टोपलीभर संत्री घेतली, आम्हाला दोघींना म्हणाले, "चला." नर्सरीपुढं ही गर्दी! बायका, त्यांच्या मेलेल्या कुंड्या, स्कूटरवरचे नवरे, सगळे रोडच्या कडेनं. कोणी म्हणे बाई माफी लिहायला लावतील, कोणी म्हणे "मी हरलो" लिहायला लावतील. सासऱ्यांनी टोपली बाईंच्या पायरीवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, जय भीम. तुम्ही जिंकल्या. सांगा, काय लिहू?"

तुम्ही! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाईंनी पदरानं खडू पुसून त्यांच्या हातात दिला. सासऱ्यांनी फळा पुसला, वर आपणहून "जय भीम" लिहिलं आणि थांबले.

बाई म्हणाल्या, "लिहा भाऊ. या हप्त्याचं काम."

त्यांनी लिहिलं.

"घरातली मोरी कुठं जाते..."

सासऱ्यांचा हात "मोरी"वर थांबला. मग मान हळूहळू वळली आणि त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई गुलाबाच्या रोपाकडे बघत होत्या, पण ओठ दाबलेले, खांदे हलत होते. मी तर पदर तोंडात कोंबला होता. दीड महिन्याच्या बादल्या, तुंबलेला पाइप, न बोलावलेला मिस्त्री, सगळं त्या माणसाच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेलं.

"नऊ वर्षं?" ते हळूच म्हणाले.

"रोज तीन वेळा," सासूबाई म्हणाल्या.

आता हा माणूस खडू फेकतो, असं मला वाटलं. पण ते फळ्याकडे वळले, घसा साफ केला आणि म्हणाले, "पुढं सांगा बाई."

"...ते घरच्या माणसायनं स्वतः जाऊन पाहावं."

त्यांनी लिहिलं, ठळक, एकसारख्या अक्षरांत, आणि न सांगता खाली सही ठोकली. मग मागं सरकून स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळ्या रोडला ऐकू जाईल असं, आणि इतके हसले, इतके हसले की टोपी खाली पडली. बाईही हसल्या. मी त्यांना तोवर कधी हसताना पाहिलं नव्हतं. काय सुंदर दिसत होत्या!

गर्दी फळा वाचत राहिली. मागं स्कूटरवर बसलेल्या एका नवऱ्यानं बायकोच्या कानाशी वाकून विचारलं, "आपली कुठं जाते वं?"

मांडीवर वाळलेली जास्वंद घेऊन बसलेली बायको म्हणाली, "बापा! विचारलं एकदाचं."